चिकट बेडका, स्यूडोमोनास आणि डीएनेज: एका एन्झाइमचं प्रकरण

परीक्षानळीत बेडका घेतला आणि नळी उलटी धरली. बेडका जागचा हलला नाही, डिंकाच्या गोळ्यासारखा तळाला चिकटून राहिला. दुसऱ्या नळीतल्या बेडक्यात अगदी थोडं एन्झाइम घातलं. काही मिनिटांनी ती नळी उलटी केली, तर बेडका ओघळत खाली आला. अमेरिकेतल्या जेनेनटेक कंपनीत स्टीव्हन शॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग कुणालाही बघून कळावा इतका साधा होता. त्यातलं एन्झाइम होतं माणसाच्या शरीरातलंच डीएनेज, म्हणजे डीएनएचे लांब धागे कापणारं.

‘एन्झाइमनं बायोफिल्म विरघळते’ हे वाक्य हल्ली फार सहज लिहिलं जातं. कुठलं एन्झाइम, कुठल्या जीवाणूची बायोफिल्म, ती किती दिवसांची आणि कुठल्या अवयवातली, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. ते पटवायला डीएनेजसारखं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. हे एन्झाइम तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णांच्या फुफ्फुसात रोज जातं आहे. ते कुठे उपयोगी पडलं, कुठे तोकडं पडलं आणि कुठे त्यानं नुकसान केलं, या तिन्हींच्या नोंदी उपलब्ध आहेत.

आधी बायोफिल्म म्हणजे काय ते

सब्जाचं बी पाण्यात टाकलं की थोड्या वेळात त्याच्याभोवती गिळगिळीत आवरण फुगतं. जीवाणू एकत्र राहतात तेव्हा स्वतःभोवती असंच आवरण तयार करतात. फरक एवढाच की ते एकेकट्या बीभोवती नसतं, हजारो जीवाणूंचं मिळून एकच असतं. मोरीच्या जाळीखालचा बुळबुळीत थर, सकाळी दातांवर जिभेला लागणारं किटण, रुग्णाच्या लघवीच्या नळीच्या आतला पातळ थर, या सगळ्या बायोफिल्मच. आवरणात बहुशर्करा म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात आणि डीएनए असतो. आत दडलेल्या जीवाणूंवर प्रतिजैविकांचा मारा नीट होत नाही, आणि आपल्या पांढऱ्या पेशींनाही त्यांना गिळता येत नाही.

एन्झाइम, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं विकर, या आवरणाचा एखादा घटक कापतं. इथे स्वयंपाकघरातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. कच्च्या पपईचा कीस लावला की मटण लवकर मऊ पडतं, कारण पपईतलं पपेन प्रथिनं कापतं. तोच कीस बटाट्याला कितीही चोळला तरी बटाटा शिजायला लागायचा तेवढाच वेळ लागतो. बटाट्यात पिष्ट आहे, आणि पपेनला पिष्ट कापता येत नाही. एन्झाइमचं सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही इथेच आहेत.

रुग्ण कोण आणि अडचण काय

आजार सिस्टिक फायब्रोसिस. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये त्याचं वेगळा आजार म्हणून वर्णन केलं. या मुलांचा घाम फार खारट असतो, हे न्यूयॉर्कमध्ये पॉल दी सांतान्येसे यांच्या लक्षात आलं. उन्हाळ्याच्या लाटेत कोलमडून रुग्णालयात येणाऱ्या मुलांमध्ये या आजाराची मुलं जास्त दिसत होती, तो धागा धरून त्यांनी घाम तपासला आणि १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. आजही निदानाची मुख्य तपासणी घामाचीच आहे. कपाळाचा मुका घेतल्यावर खारट लागणारं मूल जगत नाही, अशी युरोपात जुनी लोकसमजूत होती. तिच्यामागे बहुधा हेच निरीक्षण असावं.

१९८९ मध्ये टोरंटोच्या मुलांच्या रुग्णालयातल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी या आजाराचं जनुक शोधलं. हे जनुक पेशीच्या पडद्यातलं क्लोराइडचं दार बनवतं. दार नीट चाललं नाही की श्वासनलिकांच्या आतला ओलावा कमी होतो आणि तिथला पातळ कफ घट्ट होतो. एरवी श्वासनलिकांतल्या बारीक केसांची लव कफ वर ढकलत राहते. इथे तिला तो ढकलता येत नाही. साचलेल्या कफात जंतू वस्ती करतात, आणि वय वाढतं तशी त्यांच्यातली मुख्य वस्ती स्यूडोमोनास एरुजिनोजाची होते.

जंतूंच्या मागे पांढऱ्या पेशींची फौज येते. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी लढतात, मरतात, फुटतात, आणि त्यांच्या पोटातला डीएनए बाहेर सांडतो. या रुग्णांच्या बेडक्यात मिलिलिटरमागे ३ ते १४ मिलिग्रॅम डीएनए सापडतो. डीएनएचा रेणू अतिशय बारीक आणि त्या मानानं प्रचंड लांब. संक्रांतीनंतर झाडात गुंतलेला मांजा आठवा. एक धागा ओढला की सगळं जाळं आवळलं जातं. बेडका नळीत जागचा हलला नाही त्याचं मोठं कारण हा गुंता होता.

गाईचं एन्झाइम, मग माणसाचं

पूमध्ये डीएनए असतो आणि तो कापला की पू पातळ होतो, हे १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत शेरी आणि टिलेट यांनी दाखवून दिलं होतं. त्यांनी स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूपासून मिळवलेली एन्झाइमं छातीतल्या पूवर वापरली. त्यानंतर गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढलेलं डीएनेज औषध म्हणून बाजारात आलं. बेडका पातळ झाला खरा, पण काही रुग्णांच्या श्वासनलिका आवळल्या आणि दम लागला. त्या औषधात ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही प्रथिनं कापणारी एन्झाइमं मिसळलेली होती. शिवाय ते प्रथिन परक्या प्राण्याचं, त्यामुळे शरीर त्याच्यावर उठण्याची भीती होतीच. ते औषध मागे पडलं.

हा टप्पा लोक घाईनं ओलांडतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. गाईच्या डीएनेजची कात्री बरोबर धाग्यावर चालत होती. नडली ती शुद्धता. एन्झाइमचं औषध म्हटलं की त्याच्यासोबत आणखी काय आलंय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

शॅक यांच्या गटानं माणसाचं डीएनेज बनवणारं जनुक वेगळं काढलं आणि ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून तयार करून घेतलं. औषध म्हणून त्याचं नाव डॉर्नेज आल्फा. हे आपल्याच शरीरातलं प्रथिन असल्यामुळे परकेपणाची अडचण कमी झाली, आणि ट्रिप्सिनची भेसळही उरली नाही.

१९९४ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले. ९६८ रुग्ण, २४ आठवडे. काहींना दिवसातून एकदा २.५ मिलिग्रॅम, काहींना दोनदा, काहींना नुसतं औषधाविना द्रावण, आणि सगळ्यांना नेब्युलायझरमधून. शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतील असा आजाराचा झटका औषधाविना गटात २७ टक्के रुग्णांना आला, एकदा औषध घेणाऱ्यांत २२ टक्क्यांना, दोनदा घेणाऱ्यांत १९ टक्क्यांना. पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर सोडता येणारी हवा औषध घेणाऱ्यांत ५.६ ते ५.८ टक्क्यांनी वाढली. कुणाला हे आकडे किरकोळ वाटतील. ज्या आजारात फुफ्फुसाची ताकद वर्षागणिक उतरतच जाते, तिथे ती थोडी का होईना वर गेली, ही फार मोठी गोष्ट होती. घसा खवखवणं आणि आवाज बसणं एवढाच त्रास ठळकपणे दिसला. त्याआधीच, डिसेंबर १९९३ मध्ये, अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली होती.

इथपर्यंत कुणी बायोफिल्मचं नाव काढलेलं नव्हतं. औषध बेडका पातळ करायला आलं होतं, आणि कापायचा होता तो माणसाच्या पेशींचा डीएनए.

ब्रिस्बेन, २००२

सिंथिया व्हिटचर्च आणि जॉन मॅटिक ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात स्यूडोमोनासवर काम करत होते. जीवाणूंच्या आवरणातली बहुशर्करा वेगळी काढायला गेले, तेव्हा हाती आलेल्या पदार्थात बहुतांश डीएनएच निघाला. असा डीएनए पूर्वीही दिसलेला होता, पण मेलेल्या पेशींचा कचरा म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होत असे. त्यांनी तसं केलं नाही. डीएनए कचरा असेल तर तो काढून टाकल्यावर आवरणाला काही व्हायला नको, असा सरळ विचार करून त्यांनी डीएनेज घालून पाहिलं. डेन्मार्कचे टिम टोल्कर-नील्सन या कामात सोबत होते.

द्रावणात आधीपासून डीएनेज असलं की बायोफिल्म बनतच नव्हती. जीवाणूंची वाढ थांबलेली नव्हती, ते जिवंत होते, वाढत होते, पण एकमेकांना धरून बसू शकत नव्हते. मग त्यांनी तयार बायोफिल्मवर डीएनेज सोडलं. ६० तासांपर्यंतची बायोफिल्म विरघळली. ८४ तासांची मात्र फारशी बधली नाही.

६० तास आणि ८४ तास. या संपूर्ण प्रकरणातून दोनच आकडे लक्षात ठेवायचे झाले तर मी हे ठेवीन. मध्ये फक्त एका दिवसाचं अंतर, जीवाणू तोच, एन्झाइम तेच.

हा डीएनए बाहेर येतो कसा, याचं एक थरारक उत्तर २०१६ मध्ये व्हिटचर्च यांच्याच गटानं दिलं, तेव्हा त्या सिडनीत होत्या. अतिसूक्ष्म चित्रण करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसलं, की काठीसारखे लांबट स्यूडोमोनास अचानक गोल होतात आणि काही सेकंदांत फुटतात. पेशीची भिंत कापणारं एक एन्झाइम त्यांच्याच जनुकांतून तयार होतं. फुटलेल्या पेशीचा डीएनए शेजाऱ्यांना आवरणासाठी मिळतो. म्हणजे जीवाणूंची वस्ती उभी राहते तीही एका एन्झाइमच्या जोरावर, आणि ती मोडायला आपण वापरतो तेही एन्झाइमच.

डीएनए नुसता सांधणारा धागा नाही. कॅनडातल्या कॅलगरीच्या गटानं २००८ मध्ये दाखवलं की तो आजूबाजूचं मॅग्नेशियम धरून ठेवतो, आणि मॅग्नेशियम कमी पडलं की स्यूडोमोनास आपली बाहेरची भिंत बदलून काही प्रतिजैविकांना दाद देईनासा होतो. शिवाय डीएनएवर ऋण भार असतो, टोब्रामायसिनसारख्या प्रतिजैविकांवर धन भार असतो. औषध आवरणातच अडकून पडतं. डीएनए कापला तर प्रतिजैविकाची वाट मोकळी होईल, ही आशा इथून आली.

मग ८४ तासांत काय झालं?

या प्रश्नाचं उत्तर तुकड्या-तुकड्यांनी मिळत गेलं, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

स्यूडोमोनास मुख्यतः तीन प्रकारच्या बहुशर्करा बनवतो: पेल, पीएसएल आणि अल्जिनेट. बायोफिल्म जुनी होते तशी या साखळ्यांची भर पडत जाते. २०१५ मध्ये असं आढळलं की पेलवर धन भार आहे आणि ती डीएनएला बिलगून बसते. मांज्याच्या गुंत्यावर फेविकॉल ओतल्यासारखं होतं. आता धागा कापला तरी जाळं जागच्या जागी राहतं. फुफ्फुसात वर्षानुवर्षं राहिलेल्या स्यूडोमोनासमध्ये तर एका जनुकात बिघाड होऊन तो अल्जिनेट अक्षरशः ओतायला लागतो. प्रयोगशाळेत वाढवला की त्याच्या वसाहती ओल्या, बुळबुळीत दिसतात. ज्याच्या नमुन्यात अशा वसाहती येऊ लागल्या, त्याच्या फुफ्फुसातून स्यूडोमोनास सहसा पूर्ण जात नाही.

आणखी एक अडथळा आहे, आणि तो जीवाणूंचा नाही, आपलाच आहे. मेलेल्या पांढऱ्या पेशींमधून डीएनएसोबत ॲक्टिन नावाचं प्रथिनही सांडतं. ॲक्टिन डीएनेजला घट्ट पकडतं आणि त्याचं काम थांबवतं. म्हणजे ज्या बेडक्यात डीएनेजची सर्वात जास्त गरज, त्यातच ते पांगळं करणारा पदार्थही जास्त. ॲक्टिनच्या हाती न लागणारं डीएनेज शास्त्रज्ञांनी १९९० च्याच दशकात बनवून पाहिलं.

मग डीएनेज नको, बहुशर्करा कापणारी एन्झाइमं घ्या, असं साहजिकच पुढे आलं. अल्जिनेट कापणारं अल्जिनेट लायेज घातलं की बायोफिल्म सुटते आणि टोब्रामायसिन जास्त मारतं, असे अहवाल येत होते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथच्या दोन संशोधकांनी एक गोष्ट तपासली, जी आधीच तपासायला हवी होती. त्यांनी कापण्याची क्षमता नसलेलं तेच एन्झाइम घातलं, तरी परिणाम तोच. गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन घातलं, तरी तोच. नुसती अमिनो आम्लं घातली, तरीही. म्हणजे त्यांच्या प्रयोगात बायोफिल्म सुटत होती ती कापल्यामुळे नव्हे. जीवाणूंना नवं खाद्य मिळालं, त्यांचं वागणं बदललं, आणि ते आवरण सोडून निघाले. एन्झाइमनं अमुक टक्के बायोफिल्म काढली असा दावा दिसला की मी आता पहिल्यांदा हेच शोधतो: निकामी केलेलं एन्झाइम घालून तुलना केली होती का? नसेल तर पुढचं वाचायची घाई करत नाही.

पेल आणि पीएसएलवर मात्र काम नेमकेपणानं झालं. टोरंटोच्या त्याच मुलांच्या रुग्णालयातल्या लिन हॉवेल यांच्या गटानं जीवाणूच्याच यंत्रणेतून दोन एन्झाइमं उचलली. जो जीवाणू साखळी बनवतो तोच ती कापणारं हत्यारही बाळगून असतो. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की ही एन्झाइमं प्रयोगशाळेत तासाभरात बायोफिल्म मोडतात, प्रतिजैविकाचा परिणाम वाढवतात आणि माणसाच्या पेशींना इजा करत नाहीत. पेल कापणारं पीएसएलच्या आवरणावर चालत नाही, आणि पीएसएल कापणारं पेलवर नाही. पपई आणि बटाटा पुन्हा आलेच.

दुसरं फुफ्फुस

आता या प्रकरणातला सर्वात अस्वस्थ करणारा भाग. डीएनेज सिस्टिक फायब्रोसिसमध्ये उपयोगी पडलं, मग ज्यांच्या श्वासनलिका दुसऱ्या कारणानं रुंदावून निकामी झाल्या आहेत, ज्याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात, त्यांनाही द्यावं असं वाटणं स्वाभाविक होतं. त्यांचाही बेडका घट्ट, पिवळा-हिरवा. त्यांच्याही छातीत जंतूंची वस्ती. १९९८ मध्ये ३४९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. २४ आठवड्यांत डीएनेज घेणाऱ्यांना झटके जास्त आले आणि त्यांच्या फुफ्फुसाची ताकद जास्त घसरली. औषधानं नुकसान केलं.

दोन्ही आजारांत बेडका दिसायला सारखाच. पण तो फुफ्फुसाच्या कुठल्या भागात साठतो, किती घट्ट असला की लव त्याला ढकलू शकते आणि किती पातळ झाला की तो उलट खाली झिरपतो, ही गणितं वेगळी असावीत, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. कारण काहीही असो, निकाल स्पष्ट आहे. आपल्याकडे ही गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण महाराष्ट्रात आणि भारतात ब्राँकिएक्टॅसिसचे कितीतरी रुग्ण क्षयरोग बरा झाल्यानंतरचे आहेत. त्यांच्या नातेवाइकांनी ‘बेडका विरघळवणारं परदेशी औषध’ असं काही वाचलं, तर हा १९९८ चा निकालही त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा.

तिसरी जागा छातीतला पू, एम्पायमा. इथलं उत्तर आणखी वेगळं निघालं. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या २१० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात घातलेल्या नळीतून काहींना दोन एन्झाइमं मिळाली: डीएनेज, आणि फायब्रिनचे (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचे) पडदे विरघळवणारं टीपीए. काहींना दोन्हींपैकी एकच, काहींना एकही नाही. दोन्ही एकत्र दिलेल्या गटात ४ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी पाठवावं लागलं, एकही न मिळालेल्या गटात १६ टक्क्यांना. आणि ज्यांना फक्त डीएनेज मिळालं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

हा आकडा पुन्हा वाचावा. एकटं डीएनेज काहीही न देण्यापेक्षा वाईट ठरलं. पूमधला डीएनए पातळ झाला, पण फायब्रिनच्या पडद्यांनी छातीत बंद खोल्या करून ठेवल्या होत्या, आणि पातळ झालेल्या पूला बाहेर यायला वाट नव्हती. दोन धाग्यांनी विणलेलं जाळं असेल तर दोन्ही धागे कापावे लागतात.

सुटलेले जीवाणू जातात कुठे?

एन्झाइम आवरण मोडतं. ते जीवाणू मारत नाही. ब्रिस्बेनच्या प्रयोगातही जीवाणू जिवंतच होते. मग सुटलेल्या जीवाणूंचं काय होतं? टेक्सासच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांच्या स्यूडोमोनासनं भरलेल्या जखमांवर बहुशर्करा कापणारी एन्झाइमं लावली. बायोफिल्म मोडली, जीवाणू रक्तात शिरले आणि सोबत प्रतिजैविक नसेल तर उंदीर रक्तातल्या जंतुसंसर्गानं दगावले.

श्वासनलिकेला वरच्या बाजूनं रस्ता आहे, बेडका खोकून टाकता येतो. म्हणूनच डॉर्नेज आल्फा कधी एकट्यानं चालत नाही. सोबत छाती-पाठ थोपटणं किंवा श्वासाचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेलं खोकणं, आणि जंतूंसाठी प्रतिजैविकं. या आजाराच्या मुलाच्या घरी रोज सकाळी नेब्युलायझर लावणारी आई या सगळ्यातला सर्वात मोठा भाग उचलते, आणि वैद्यकीय निबंधांत ती कुठेच दिसत नाही. औषधाची कुपी २.५ मिलिलिटरची. ती फ्रीजमध्ये, उजेडापासून दूर ठेवायची. दुसरं कुठलंही औषध त्याच भांड्यात मिसळायचं नाही. एन्झाइम हे घडी घातलेलं प्रथिन आहे, उष्णतेनं किंवा दुसऱ्या रसायनानं घडी उलगडली की काम संपलं.

बायोफिल्म कोवळी असतानाच गाठायची, हा ब्रिस्बेनचा धडा डेन्मार्कच्या डॉक्टरांनी दुसऱ्या वाटेनं आधीच घेतलेला होता. बेडक्यात जीवाणू गुठळ्या करून राहतात हे कोपनहेगनचे नील्स हॉइबी १९७० च्या दशकापासून पाहत आले होते. १९९१ मध्ये त्यांच्या गटानं २६ रुग्णांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. स्यूडोमोनास पहिल्यांदा सापडताच तीन आठवडे दोन प्रतिजैविकं: कोलिस्टिन श्वासातून आणि सिप्रोफ्लॉक्सासिन तोंडानं. उपचार मिळालेल्या १४ जणांपैकी दोघांमध्ये संसर्ग कायमचा झाला, न मिळालेल्या १२ पैकी सात जणांमध्ये. त्यात एन्झाइम नव्हतंच, पण वेळेचं महत्त्व तेच.

आपल्याकडे

भारतात सिस्टिक फायब्रोसिस नाहीच असं बराच काळ मानलं गेलं. तो आहे. वारंवार न्यूमोनिया, दमा किंवा क्षयरोग समजून उपचार घेत राहिलेल्या मुलांमध्ये तो उशिरा सापडतो. युरोपात सर्रास आढळणारा जनुकातला बिघाड आपल्याकडे कमी प्रमाणात दिसतो, त्यामुळे तिकडच्या यादीवर बेतलेली जनुकीय तपासणी इकडे चुकू शकते. घामाची तपासणी त्यासाठीच आग्रहानं करायला हवी. डॉर्नेज आल्फा महाग आहे. त्यामुळे बऱ्याच घरांत मिठाचं तीव्र द्रावण नेब्युलायझरमधून दिलं जातं. ही युक्ती ऑस्ट्रेलियातून आली: समुद्रात लाटांवर स्वार होणाऱ्या या आजाराच्या रुग्णांना बरं वाटतं, हे लक्षात आल्यावर ७ टक्के मिठाच्या द्रावणाच्या चाचण्या झाल्या आणि २००६ मध्ये चांगले निकाल आले. ते कुठलाही धागा कापत नाही, श्वासनलिकेत पाणी ओढून आणतं. पण स्वस्त आहे, आणि खरोखर उपयोगी आहे.

औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या सेराटिओपेप्टिडेजच्या गोळ्यांबद्दलही इथेच सांगतो, कारण ‘बायोफिल्म मोडणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल’ म्हणून त्यांच्या जाहिराती आता फोनवर येतात. हे रेशमाच्या किड्याच्या पोटातल्या जीवाणूपासून मिळालेलं, प्रथिनं कापणारं एन्झाइम. परीक्षानळीत ते काही बायोफिल्मवर काम करतं. पण तोंडानं घेतलेलं प्रथिन जठरातून पार होऊन, रक्तातून, फुफ्फुसातल्या किंवा सांध्यातल्या बायोफिल्मपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचतं, याचा पुरावा वेगळा द्यावा लागेल. जपानमध्ये ही गोळी वर्षानुवर्षं सूज आणि कफासाठी विकली जात होती. औषधाविना गोळीशी तुलना केल्यावर फरक दिसला नाही, म्हणून २०११ मध्ये ती तिथल्या बाजारातून मागे घेतली गेली. आपल्याकडे अजून विकली जाते.

आजची स्थिती

२०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांच्या मिश्रणाची एक गोळी आली, जी क्लोराइडचं ते बिघडलेलं दारच बऱ्याच अंशी दुरुस्त करते. ज्यांना ती लागू पडते आणि मिळते, त्यांचा बेडका काही दिवसांतच कमी होतो. मग डीएनेजची गरज उरते का? ज्यांची फुफ्फुसं बऱ्यापैकी शाबूत आहेत अशा रुग्णांमध्ये सहा आठवडे डॉर्नेज आल्फा थांबवून पाहिलं, तर फुफ्फुसाची ताकद घसरली नाही. सहा आठवडे हा अवधी लहान आहे, आणि खराब झालेल्या फुफ्फुसांना हा निष्कर्ष लावता येत नाही.

पण ज्यांच्या फुफ्फुसात स्यूडोमोनास पूर्वीच मुरलेला होता, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांमध्ये तो त्या गोळीनंतरही सापडतो, संख्येनं कमी, पण तोच जुना. अडचण अशी की तो शोधायला लागणारा नमुनाच मिळेनासा झाला आहे. ज्या रुग्णांचा बेडका कधीकाळी नळी उलटी केली तरी खाली येत नव्हता, त्यांतल्या अनेकांना आता तपासणीसाठी खोकून नळीत टाकण्यापुरताही बेडका येत नाही.